पत्ता ३४७

अकरा किलो तीनशे ग्रॅम.
काट्यावर मीच चढवले होते,
साखर पेठेतल्या भंगारवाल्याच्या.
पुठ्ठा जाड म्हणून किलोमागे
एक रुपया वर दिला त्याने. मी खूश.

बाराशे आठ पत्ते, दोऱ्यात ओवलेले,
माळ्यावर घडी करून ठेवलेल्या शिडीसारखे.
जेकार्डवर चढले की एकेक पत्ता
एकेका आडव्या धाग्यापुरतं बोलायचा:
हा हूक उचल, तो राहू दे.
बाराशे आठ वेळा बोलून झालं की
चादरीवर मोर उभा,
मान वळवून स्वतःच्या पिसाऱ्याकडे बघणारा.

नायनांचा मोर.
महिनाभर चौकटीच्या कागदावर ठिपके,
मग पंचावर एकेक भोक.
चुकलं तर पत्ता फेकायचा, म्हणायचे,
भोक बुजवायचं नाही.
बुजवता यायचं खरं तर, चिकटपट्टीनं.
ते करत नसत.

माग विकले तेव्हा चार माणसं आली,
चहा झाला, रडणं झालं.
पत्त्यांसाठी कुणी आलं नाही.
पाणी पाच दिवसांनी येतं,
माळ्यावर टाकी बसवायची होती.

दोन वर्षांनी एक बाई आल्या कर्जतहून,
पिशवीत विरलेली चादर,
मोराची नुसती मान शिल्लक.
असाच मिळेल का हो?
मी भंगारवाल्याकडे धावले.
त्याच महिन्यात लगदा झाला, ताई,
अंड्यांचे ट्रे झाले असतील.
हसला नाही तो, एवढं बरं केलं.

मग सापडला हा एक.
शिलाई मशीन डुगडुगू नये म्हणून
पायाखाली मीच सरकवलेला.
कोपऱ्यात नायनांच्या शाईत: ३४७.
पिसाचा, पायाचा, की नुसत्या मोकळ्या जमिनीचा,
सांगणारं कुणी नाही.
पत्ता आहे, गाव नाही.

उन्हात धरते.
भिंतीवर ठिपके पडतात.
भिंतीला काही उचलता येत नाही.

श्रीलता विचारते, भोकं मोजू?
मोज. वहीत लिहून ठेव.
पेन्सिल आत घालू नकोस,
भोक मोठं होईल.

पलीकडच्या गड्डमांच्या माळ्यावर
चार गठ्ठे आहेत म्हणे, कमळाचे.
त्यांची टाकी सोमवारी येणार.
आज शनिवार.
मी चप्पल घालते.