प्रश्न क्रमांक चौदा

आवाज सपाट ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवलं.
मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही,
प्रश्न छापलाय तसाच वाचायचा:
गरीब देशांत वीज पोचावी म्हणून
आपल्या करातले पैसे खर्च व्हावेत का?
पाच चौकोन. एकावर फुली.
फॉर्ममागे दोन पौंड दहा पेन्स.

वेल्समधल्या या दरीत घरं एकमेकांना चिकटून,
थंडीत मेंढ्या उभ्या राहतात तशी.
खाणीच्या राडारोड्याची टेकडी आता गवताखाली
पाठ करून निजलेली.

पहिलं दार: आधी आमचं बघा म्हणावं.
दुसरं: तिकडे सगळं वरच्यावर खातात.
तिसऱ्या दारातली बाई गोड हसली,
द्यावेत की गं, बिचाऱ्यांना.
मी फुली मारली, 'पूर्णपणे सहमत'.
खरं सांगते, तीच फुली जड गेली.

एकानं विचारलं, तू कुठली?
म्हटलं, कार्डिफची.
खोटं नाही. बस तिथूनच पकडते.

माझं गाव मलावीत, मोठ्या तळ्याकाठी.
उसिपा मासळी वाळवायच्या माचांमागे आरोग्य केंद्र,
त्याच्या अंगणात लोखंडी घोडीवर
मदत म्हणून आलेलं सौर पॅनल.
कोपऱ्यात एक झेंडा चिकटवलेला,
उन्हानं इतका विटला
की कोणत्या देशाचे आभार मानायचे, कळत नाही.
सव्वा वर्ष दिवे लागले.
मग बॅटरी गेली.
पत्र पाठवलं. उत्तर आलं,
प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे.
आता एस्नाथ दाई त्याच्यावर मासळी पसरते,
म्हणते, काळं आहे, लवकर तापतं.
आणि रात्री कुणी अडली
की मोबाइल दातांत धरून
दोन्ही हात मोकळे करते.

सोळा नंबरला एम्लिन.
घरातच कोट, गुडघ्यांवर घोंगडी, एक बल्ब.
भराभर विचार, म्हणाला,
मीटरवर साठ पेन्स उरलेत.

चौदावा प्रश्न वाचला. तो खोकला, बराच वेळ.
एकतीस वर्षं खाली होतो, पोरी.
दुसऱ्यांचे दिवे लावत.
तेव्हा कुणी दारावर येऊन विचारलं नाही,
लावावेत का म्हणून.

मी सपाट.

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली होती.
तिथे एक माणूस. काम एकच, दिवे.
पुसायचा, चार्ज करायचा, मोजायचा,
प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा पितळी बिल्ला.
पाळी सुटल्यावर एक दिवा जरी परत आला नाही
तरी घरी जायचा नाही.
बायको डबा घेऊन यायची, तोही तसाच राहायचा.
असा माणूस ठेवणार असतील तर 'हो' लिही.
नुसते दिवे पाठवणार असतील
तर 'नाही'.

मी पाचही चौकोन पाहिले.
वरून खाली, मग खालून वर.

तुमच्याकडे आहे का असा कुणी?
त्यानं विचारलं. 'तुमच्याकडे' म्हणाला.
कार्डिफ त्यानं धरलंच नव्हतं.

आहे, मी म्हटलं. बाई आहे. एस्नाथ.
भुवई गेली असेल वर. आवाज तर नक्कीच.

तेवढ्यात मीटरनं खट् केलं.
अंधार. तो उठला नाही.
पेन्शन गुरुवारी, एवढंच म्हणाला,
जसं कुणी हवेबद्दल बोलावं.

मी मोबाइलचा टॉर्च लावला,
सवयीनं दातांत धरला,
आणि चौकोनांच्या बाहेर, समासात,
तो बोलला तसं लिहीत गेले:
दिव्यांची खोली, बिल्ला, डबासुद्धा.
मधेच त्यानं विचारलं, मासळी कसली म्हणालीस?
मी म्हणालेच नव्हते. म्हणजे, म्हणाले असेन.

सोमवारी सुपरवायझरनं तो फॉर्म बाजूला काढला.
अवैध. समासातला मजकूर धरत नाहीत.
दोन पौंड दहा पेन्स कापले.