सहा पाती

मी विमानं नाही बनवली. पाती बनवली.
पोलादी नळीभोवती लाकडी फासळ्या,
त्यांवर पातळ प्लायवूड, वर कापड.
उजवीकडे तीन, डावीकडे तीन,
मधल्या पोटात एक इंजिन, घसा बसलेलं.
डेल्मेनहोर्स्टच्या हवेला तेव्हा जवसाच्या तेलाचा वास होता
आणि सगळीकडे आम्ही जिंकत होतो, म्हणे.

कागदावर त्याचं नाव ड्रॅगन.
माझ्या धाकट्याला मात्र तो पतंगच वाटायचा.
"दोरा कुणाकडे असतो, बाबा?"
मी रंधा मारत राहिलो.

जूनच्या एका रात्री ब्रेमेनवर बॉम्ब पडले.
सकाळी हँगरमध्ये नळ्या होत्या, वाकलेल्या.
लाकूड नव्हतं. भुसासुद्धा नाही.
पतंग जळायला कितीसा वेळ लागतो.

उरलेले नकाशे, उरलेली माणसं
मालगाडीत घालून दक्षिणेला नेली, लाउपहाइमला.
तिथं कापड शिवायला पारास्का आली.
आली कसली, आणली.
छातीवर निळं ठिगळ, त्यावर 'पूर्व'.
पोल्टावाकडची; वय सतरा की पंधरा, तिलाच ठाऊक.
टाके कसे, तर मुंग्यांची रांग.

एका संध्याकाळी चौथ्या पात्यावरून बोट फिरवलं
आणि बोट थांबलं.
टोकाशी वीतभर शिवण सैल.
चुकून नाही. चुकलेला टाका वेडावाकडा असतो;
हे टाके सरळ होते, फक्त दोरा
जागोजाग अर्धा कापलेला.
ती नळाशी हात धूत होती.
मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.

कळवायचं असतं. नियम भिंतीवर टांगलेला होता.
मी दिवा खाली ओढला,
दोरा मेणातून काढला,
आणि वीतभर शिवण उसवून पुन्हा घातली.
मला शिवता येत नाही. दिसतंच ते.
सकाळी तिनं त्या जागेवर हात ठेवला, उचलला.
त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.
आधीही नव्हतो.

शरदात, मिटेनवाल्डच्या डोंगरात,
दोराला टांगलेली तोफ
शिंगरासारखे पाय झुलवत धुक्यातून वर गेली.
परतल्यावर वैमानिकानं, तेविशीच्या ओल्टमान्सनं,
मला घट्ट मिठी मारली.
"काय पाती आहेत, म्हाताऱ्या!"
त्याच्या खांद्यावरून मला कडा दिसत होता.
तोफ बसली होती तिथं,
तोंड दरीकडे.

आता खुर्च्या बनवतो.
गाद्या मात्र
दुसऱ्याकडून शिवून घेतो.