दहा मिनिटं

इबुसुकीच्या समुद्रकाठी वाळू आतून तापलेली असते.
बाबांनी चौतीस वर्षं तिथं माणसं पुरली.
जिवंत माणसं, पैसे मोजून आलेली,
अंगात सुती किमोनो, तोंड तेवढं उघडं,
बाकी सगळ्यावर फावडं, फावडं, फावडं.
दहा मिनिटं.
मग बाबा वाकून म्हणायचे, उठा आता.
आधी उठलात तरी चालेल, त्यात लाज नाही.

घरी ते एवढंही बोलत नसत.

निवृत्त झाले त्या साली ओसाकाला फोन आला:
जानेवारीत शर्यत आहे. नाव देतोय. तुझंही देऊ?
मी हो म्हटलं,
कारण फोन त्यांनी केला होता.

ही नववी.
पहिल्या वर्षी मी त्यांच्या पाठीमागून पळाले,
बेचाळीस किलोमीटर एक निळा सदरा
आणि त्यावर घामानं उमटलेलं बेट,
दर वळणाला किनारा बदलणारं.
पाचव्या वर्षी खांद्याला खांदा.
आता मी माझे पाय लपवते.
नाडी सुटली म्हणून थांबते,
फुलांचे फोटो काढते
(मोहरी दुतर्फा, इतकी की डोळे मिटले तरी पिवळंच)
आणि ते न थांबता, न वळता
फावड्याच्या लयीत पुढे:
खुपसलं, उचललं, टाकलं.
खुपसलं, उचललं, टाकलं.
तीन ठेक्यांचा हिशेब,
दोन पायांत कधीच न बसणारा.

काइमोन डोंगर पाठीशी पडतो तिथं
उचिमुरा आजी शेगडी मांडून बसते.
येईल त्याला भाजलं रताळं, फुकट.
माझ्या हातात दोन कोंबली आणि म्हणाली,
तुझ्या बापाला पळणं मुळीच आवडत नाही, ठाऊक आहे ना?
डिसेंबरभर गुडघा दाखवत गावभर फिरतो.
म्हटलं, मग सोड की मेल्या.
तर म्हणतो, सोडलं तर चिझुरु
जानेवारीत कशाला येईल?

रताळं तोंडात तसंच राहिलं, कढत.
मलाही नाही आवडत पळणं.
कधीच नाही आवडलं.
साडेतीनशे किलोमीटर होऊन गेले,
आणि दोघांपैकी एकालाही.

चौतिसाव्याला पोटरीत गोळा आला. माझ्याच.
कठड्यापाशी बसले.
मागून ती बस, दमलेल्यांना वेचत येणारी,
काचांना टेकलेली डोकी.
बाबा वीसेक पावलं गेले असतील.
मग त्यांना काहीतरी ऐकू येईनासं झालं असावं,
कारण ते वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.
उकिडवे बसले. अंगठा रोवला पोटरीत,
जसा वाळूत पारखून बघायचे, किती खोल ताप आहे ते.
चालकानं विचारलं, येताय?
बाबांनी मान न उचलता हात हलवला.

घड्याळ ते घालत नाहीत.
दहा मिनिटं त्यांना अंगातच कळतात.
म्हणाले, ऊठ आता.
मग थोडं थांबून,
नाही उठलीस तरी चालेल.

पोचलो तेव्हा कमान उतरवत होते.
एका पोरानं फीत पुन्हा ताणली,
एक टोक खांबाला, एक स्वतःच्या दातात,
दोन्ही हात टाळ्यांना मोकळे हवेत म्हणून.

आजीचं बोलणं मी सांगितलं नाही.
तो निरोप नव्हता.

संध्याकाळी शेजारी शेजारी पुरलो गेलो.
समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता,
आणि वाळूच्या वजनाखाली एक नाडी,
ठक ठक, कुणाची ते कळेना.
फावडंवाला मुलगा नवा होता. घाबरत टाकत होता.
बाबांनी डोळे मिटूनच दोनदा त्याची चूक काढली.
मग म्हणाले,
तिच्या पायांवर अजून थोडी टाक.
उजव्या.