एक छटाक कमी

सूत्र त्याला पाठ होतं.
ए, गुणिले कंसात आर चा एन-वा घात वजा एक,
भागिले आर वजा एक.
बाळकुमचा मृगेश भोईर ते असं म्हणायचा
जसं कुणी न पाहिलेल्या पणजोबांचं नाव सांगतं.
मग एकदा विचारलं,
"एवढ्या सगळ्यांची बेरीज, मॅडम,
नुसत्या टोकांवरून कशी कळते?
मधले कुठं जातात?"

जांभळी नाक्यावर, शेट्यांच्या दुकानावरच्या खोलीत
मी अकरा वर्षं शिकवतेय.
खालून मिरचीचा खकाणा चढतो,
भूमिती श्रेढी शिंकत शिंकतच शिकवावी लागते.
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
मीही नाही.
खडू ठेवला. जिना उतरलो.

मुकुंदशेट इलेक्ट्रॉनिक काट्यावर साबुदाणा मोजत होते.
जुनी वजनं गल्ल्याशेजारी, उधारीच्या चिठ्ठ्यांवर बसलेली,
कायद्यानं कधीच निवृत्त झालेली:
छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर.
प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट.
नवटाक ऐकून मृगेश फिस्सकन हसला.
त्याच्या आळीत ती तराजूत नाही, ग्लासात मिळते.

माळ्यावरचा तराजू निघाला. धूळ फुंकली.
एका पारड्यात शेर, एकटा.
दुसऱ्यात बाकीचे चौघं, दाटीवाटीनं.
दांडी हलली, हलत राहिली,
मग थांबली, शेराकडे कलून.

"झिजली असतील," मी म्हटलं.
"मग शेर काय वेगळ्या हातांनी उचलला?
एक छटाक कमी आहे. कमीच असणार.
आमचे आजोबा तिसरी नापास,
पण एवढं त्यांना ठाऊक होतं."

दुसरा छटाक दुकानात नव्हता.
गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच
त्यांनी चणाडाळीच्या पोत्यात हात घातला,
मूठ काढली, चौघांच्या पारड्यात सोडली.
दांडी आडवी.
बावन्न वर्षांची मूठ ती,
तिला काटा लागत नाही.

मग मृगेशच बोलायला लागला, हळू, बोटानं दाखवत.
डाळ आणि छटाक, झालं नवटाक.
ते आणि हे नवटाक, पावशेर.
पावशेर नि पावशेर, अच्छेर.
अच्छेर नि अच्छेर...
तो शेराकडे बघत राहिला.
"मधले कुठं जात नाहीत, मॅडम.
एकमेकांत जातात."

वर येऊन फळ्यावर बेरीज लिहिली.
खाली तीच, दुप्पट करून, एक घर सरकवून.
नवटाकाखाली नवटाक आलं, पावशेराखाली पावशेर.
खालच्यातून वरची वजा.
जोड्या त्यानं तळहातानं पुसल्या, डस्टर शोधलंच नाही.
उरला एका टोकाला शेर,
दुसऱ्या टोकाला वजा छटाक.

"आणि तिपटीनं वाढली तर?"
तर तिपटीतून एकपट जाऊन बेरीज दोनदा उरेल.
"म्हणून खाली आर वजा एक!"
असं ओरडला की खालून मुकुंदशेटनी विचारलं,
काय पडलं का?

पुढचं प्रकरण अनंत पदांचं होतं.
ते घाईनं उरकलं.
इमारत मार्चात पाडायची नोटीस लागली होती,
आणि मला एन वर थांबणंच बरं वाटत होतं:
इथवर आलो, आता इथवरचं मोजू.

शेवटच्या दिवशी डाळींची पोती टेम्पोत चढली.
वजनं भंगारवाल्यानं नेली,
किलोवर.
मुकुंदशेट मोजताना दोनदा थांबले.
अच्छेर होता, शेर होता, पावशेर, नवटाक.
छटाक सापडला नाही.

मृगेशला मी
विचारलं नाही.