खुंटी

रॅटनच्या घाटाखाली माझं गॅरेज.
एउसेबियो आर्चुलेटा गाडी घेऊन आलेत,
चौऱ्याऐंशीची कॉर्व्हेट, रंग विटलेल्या विटेचा,
शेजारच्या सीटवर बायको, मांडीवर पर्स.
"एसी लावला की ऊब येते," ते म्हणतात,
"आणि घाट चढायला लागलो
की तोंडावरचा वारा उठून काचेवर जातो.
तिघांनी गॅस भरला. तिघांनी पैसे घेतले."

या गाडीचं बॉनेट पुढे कलंडतं,
चाकांसकट सगळं उघडं पडतं,
दवाखान्यात सदरा काढायला सांगावा तसं.
गॅसचे काटे ठीक. कॉम्प्रेसर टक्‌कन धरतो.
कॉइलच्या नळीवर घाम, चांगला गार घाम.
म्हणजे थंडी तयार होतेय.
वाटेत कुणीतरी ती खातंय.

आधी घाटाचं.
या जुन्या गाड्यांत वाऱ्याची दारं
वीज नाही, पोकळी हलवते.
इंजिन श्वास आत ओढतं, त्या ओढीवर
बारीक नळ्यांतून दारं खेचली जातात.
चढावर पॅडल दाबलं की ओढ सरते.
तेवढ्यापुरती शिदोरी एका काळ्या गोळ्यात,
आणि गोळ्याच्या तोंडाशी एकाच दिशेची झडप,
करंगळीच्या नखाएवढी.
काढून फुंकते. इकडून जाते. तिकडूनही जाते.
समुद्रकाठी अठरा दाखवणारा काटा
आमच्या उंचीवर तेरालाच दमतो,
त्यात ही झडप फितूर.
ओढ गेली की वारा काचेकडे वळतो:
कारखान्यात कुणीतरी ठरवून ठेवलेलं,
सगळं बिघडलं तरी माणसाला समोरचं दिसावं.
मला तो कुणीतरी आवडतो.

आता ऊब.
एसी पूर्ण लावून हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावते.
दोन्ही चटका देतात. निदान एक गार हवी होती.
चिमट्याने एक आवळते. आत थर्मामीटर,
स्वयंपाकघरातला, मांसात खुपसायचा,
बासष्टवरून उतरत चव्वेचाळीसला थांबतो.
म्हणजे गरम पाण्याचा नळ मिटतच नाही.
नळ मिटवणारी पोकळीची नळी
चाचपत जाते, वायरींच्या गुंत्याखालून,
आणि तिथे ती संपते.
तुटलेली नाही. बुजवलेली.
टोकात गोल्फची लाकडी खुंटी, गुलाबी,
क्लबचं नाव अर्धं झिजलेलं.

एउसेबियो फाटकापाशी, फोनवर.
सीटवरच्या बाई डोंगराकडे बघतायत,
फारच लक्ष देऊन, जणू तो आज सकाळीच उगवला.
खाई त्याला खवखवे.

"किती वर्षं?" मी हळूच विचारते.
"सहा," हर्मेलिंडा म्हणतात.
"माझे गुडघे त्या झोतात येतात.
सांगितलं होतं. दोनदा.
मग खुंटी यांच्याच बॅगेतली घेतली.
नळी कुठली ते गाडीच्या पुस्तकात होतं. चित्रासकट."

सहा उन्हाळे, तीन मेकॅनिक.
हसू आवरते. थोडा मत्सरही वाटतो:
हवा गळू नये इतकी घट्ट बसवलेली खुंटी
माझ्या शिकाऊ पोरांना जमली नसती.

"काय निघालं?"
"एक झडप फितूर," मी सांगते, "एक नळी बंद."
यात खोटं काही नाही.
झडप नऊ डॉलर, नळी दोन, मजुरी वेगळी.
सुट्या पैशांबरोबर खुंटी
मी बाईंच्या तळहातावर ठेवते.

ऑगस्टात पेट्रोलपंपावर ती गाडी दिसली.
ऊन मी म्हणत होतं.
एउसेबियोंची काच खाली, कोपर बाहेर,
सदरा पाठीला चिकटलेला.
शेजारी हर्मेलिंडा, कोरड्या, मांडीवर पर्स.
मला बघून त्यांनी नुसता हात केला.
गाडी घाटाकडे वळली.
वारा काचेवर जाणार नाही,
एवढी हमी मी अजूनही देते.