हजारात तीन

रात्री दीड वाजता, जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एकोणऐंशी रुपयांची किल्ली घेतो
आणि पेटी फिरायला लागते.
निळं, निळं, जांभळं, निळं,
सोनेरी कट्यार येते, मंदावते,
काट्याला टेकते की काय असं वाटतं
आणि चुकून आपली बेल वाजवलेल्या पाहुण्यासारखी
एक घर पुढे सरकते.
मला हिरवं शिरस्त्राण.
अकरावं.

दिवसा मी अंबडला गेज लावून बुशिंग तपासतो.
हजारात तीन खराब निघाले
तर साहेब चहा सोडून खाली येतात,
लॉट थांबतो, लाल कार्ड लागतं,
चूक कुणाची ते फळ्यावर काढावं लागतं.
इथे हजारात तीन चांगले निघतात.
हे त्यांनीच लिहून ठेवलंय, बारीक अक्षरात,
आणि मी ते वाचून, समजून, पुन्हा किल्ली घेतो.
कुणाला खाली बोलवायचं?

लोकेश खैरनार म्हणाला, फोडत बसू नकोस, बदल.
आठ शिरस्त्राणं म्हणजे एक ढाल,
दोन ढाली आणि वर थोडं म्हणजे लाल झगा.
वर थोडं म्हणजे किती, ते समोरच्याच्या मूडवर.
पिंपळगावच्या बाजारात निदान टोमॅटो दाबून तरी बघू देतात.
शॅडोबाबा९ नावाच्या कुणाशी तरी
मी तीन रात्री घासाघीस केली,
तो बारा वर्षांचा असेल किंवा बावन्न.
झगा मिळाला. सात दिवस कुलपात.
सहाव्या दिवशी कंपनीनं तोच झगा
दिवाळीनिमित्त सगळ्यांना फुकट वाटला.
लोकेश पोट धरून हसला,
मग हळूच म्हणाला, माझ्याकडे दोन आहेत.

शाळेत असताना आम्ही दोघं रामकुंडाच्या खालच्या अंगाला
दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडायचो.
लोकांनी हात जोडून टाकलेले रुपये,
कधी खिळा, कधी चपलेचं बक्कल.
शेवाळच जास्त यायचं.
पण लागलं की जड लागायचं,
वर यायच्या आधी दोरी सांगायची.

बाबा पाणी प्यायला उठले.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये,
दिवसभर कोटी डोळ्यांखालून
आणि संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून घरी.
शाईच्या एका ठिपक्यापायी अख्खा ताव बाद व्हायचा.
अजून वाण्यानं दिलेली दहाची नोट उजेडाला धरतात.
काय फिरतंय ते, म्हणाले. सांगितलं.
किती गेले? थोडे कमी करून सांगितले.
ओरडले नाहीत.
म्हणाले, मी दाबू?

सवयीनं अंगठा जिभेला लावला
आणि मग स्क्रीनला.

कट्यार.
पहिल्याच फेरीत, सोनेरी, थांबली ती थांबलीच,
वर फटाके, तुतारी, माझं नाव चमचमतंय.
मला आनंद झाला नाही.
राग आला, बनियनवर उभ्या असलेल्या
त्या माणसाच्या अंगठ्याचा,
ज्याला आयुष्यात सोडतीचं घर लागलं नाही
आणि हे लागलं.

आता हिचं काय करायचं?
मी खालची ओळ वाचून दाखवली:
ही वस्तू खात्याला बांधलेली आहे.
विकता येणार नाही, बदलता येणार नाही.
म्हणजे चालत नाही?
नाही.
मग बाद ताव, म्हणाले,
पेला उपडा घातला आणि झोपायला गेले.

काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा,
बरोबर कट्यारीच्या मुठीवर.
वाळेपर्यंत मी हात लावला नाही.
त्याआधी लोकेशला पाठवायला स्क्रीनशॉट मात्र काढला.
फटाके आले, नाव आलं, कट्यार आली.
ठसा आला नाही.