आम्ही की आपण

एफाटे बेटावर, चर्चच्या पत्र्याखाली,
शास्त्राचं भाषांतर एका शब्दावर अडून बसलं होतं.
वादळ, होडी, उशीवर डोकं टेकून झोपलेला तो,
आणि घाबरलेली माणसं त्याला उठवतात :
बुडतोय.
पण कोण? आम्ही की आपण?

पाद्री काल्तोंगा म्हणाला, आम्ही.
देव कसा बुडेल?
माना डोलल्या. पेन्सिलीनं खूण झाली.

मी मागे चुलीपाशी अळूचे कंद सोलत होते.
मला कुणी विचारलं नव्हतं.
एकोणीस वर्षं झाली या गावात नांदायला येऊन,
अजून पाणवठ्यावर बायका म्हणतात,
"आम्ही उद्या खेकडे धरायला जाणार, लेइसाले,"
आणि त्या 'आम्ही'चं दार
मला बाहेर ठेवून नीट लागतं.

माझा नवरा ज्या होडीत गेला
तिच्यात पाच जण होते.
लाटेनं कुणाला वगळलं नाही.

म्हणून बोलले. सुरी हातात तशीच.
"तो होडीतच होता ना?
मग आपण म्हणा."

कुणीतरी खोकलं.
काल्तोंगानं ओळ पुन्हा वाचली, हळू,
मग आणखी एकदा,
आणि खोडरबर शोधू लागला.

रात्री कितीदा हात धुतले, अळूची खाज जाईना.
अंधारात तो शब्द पुटपुटत राहिले,
आपण, आपण.
जीभ अडखळत होती.
यांच्या भाषेत तो मी
याआधी कधी वापरलाच नव्हता.